पोपटानं उष्टावलेला पेरू

आमच्या मुलीचं नाव क्रांती, आणि ती बोलत नव्हती. नाव तिच्या आजोबांनी ठेवलं. बारशाला त्यांनी ते इतक्या मोठ्यांदा जाहीर केलं की पाळण्यातली क्रांती दचकून गप्प झाली, ती अडीच वर्षांची झाली तरी गप्पच. हे मी आता हसत लिहितेय. त्या दिवसांत मात्र, मोठ्या आवाजानं तान्ह्या बाळाची वाचा बसते का, हे मी मोबाइलवर खरोखर शोधून पाहिलं होतं.

तिला ऐकू नीट यायचं. तपासण्या झाल्या होत्या. "चेंडू आण" म्हटलं की चेंडू यायचा, "नको" म्हटलेलं तर फारच छान कळायचं, कारण ती लगेच तेच करायची. पण तोंडातून शब्द नाही. 'आई' नाही, 'पाणी' नाही. पाणी हवं असलं की ती तांब्याकडं बघायची आणि तिची नजर तांब्यापर्यंत पोचायच्या आत मी तिथं पोचलेली असायची.

कोल्हापुरातल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, "मोबाइल, टीव्ही बंद. मोकळ्या हवेत न्या, माणसांत न्या. दिवाळी झाली की घेऊन या. तोवर काहीच शब्द आले नाहीत तर पुढच्या तपासण्या करू." घरी येताना रिक्षात मी 'पुढच्या तपासण्या' एवढंच मनात घोळवत होते. त्या कसल्या असतील ते विचारायचं धाडस झालं नव्हतं, त्यामुळं त्या सगळ्या मलाच कल्पून काढाव्या लागल्या, आणि त्या कामात मी चांगली आहे.

मोकळी हवा म्हणजे सासर. गगनबावड्याच्या अलीकडं, घाटमाथ्याजवळ, डोंगराच्या उतरणीला आमचं रान आहे. खाली थोडा भात, वर नाचणी, कडेला म्हशींचा गोठा आणि मधे पत्र्याचं बैठं घर. माझा नवरा धैर्यशील कोल्हापुरात नोकरीला, तो रविवारी यायचा. बाकी रानात माझे सासरे जोतीराम आणि सासूबाई धोंडुबाई. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्ती.

डॉक्टरांचं 'माणसांत न्या' माझ्या कानावरून गेलं. 'मोकळ्या हवेत' तेवढं मी घट्ट धरलं.

मोबाइल क्रांतीचा बंद झाला होता, माझा नाही. घरामागं एक कातळ आहे. त्यावर चढून उजवा हात वर केला की रेंज येते. तिथं उभी राहून एक दिवस मी आयांच्या एका ग्रुपवर वाचलं की पक्षी निरीक्षणानं मुलांची एकाग्रता वाढते आणि त्यातून भाषा फुटते. कुणी लिहिलं, कशावरून लिहिलं, मी विचारलं नाही. केमिस्ट्रीची पदवीधर मी. कॉलेजात सरांना 'कशावरून' विचारून विचारून वर्गाचा तास संपवायचे. आता एक हात आकाशात धरून मी जे येईल ते मान्य करत होते.

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या पेरूच्या झाडाला मी करवंट्या टांगल्या. एकीत तांदळाची कणी, एकीत बाजरी. खाली पसरट परातीत पाणी. पाण्यात डास होतील म्हणून ते दोनदा बदलायचं, पाखरांची विष्ठा पडेल म्हणून खालची जागा धुवायची, आणि क्रांतीला एवढ्या लांब बसवायचं की पक्षी दिसेल पण पक्ष्याचा आजार पोचणार नाही.

मामा रानातून आले आणि झाडाखाली थांबले.

"हे काय लावलंस, नंदा?"

"पाखरांसाठी, मामा. क्रांतीला दाखवायला."

त्यांनी करवंट्यांकडं बघितलं, मग वरच्या नाचणीकडं बघितलं. नाचणीची कणसं तेव्हा भरत आली होती. रानाच्या मधोमध चार खांबांवर त्यांचा माळा होता. तिथं बसून दिवसभर पाखरं राखायची, पत्र्याचा डबा बडवायचा आणि मधूनच "हुर्र्याऽऽ" अशी आरोळी ठोकायची, हाच त्यांचा त्या दिवसांतला उद्योग. ती आरोळी अशी की खालच्या वाडीतली कुत्री उत्तर देत.

"म्हंजी वर आमी हाकलायची," मामा म्हणाले, "आन् खाली तू पंगत घालायचीस. बरं हाय की."

पण नातीसाठी म्हटल्यावर एक करवंटी वाकडी होती, ती सरळ करून गेले.

पंगतीला पहिल्यांदा मुंग्या आल्या. मग एक खारूताई. मी रोज सकाळी क्रांतीला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसायची आणि रिकाम्या झाडाकडं बोट दाखवून "आत्ता येईल हं" म्हणायची. शेवटी एकदाचे तुरेवाले बुलबुल आले, त्यांच्या मागनं दयाळ, आणि मग सातभाई आले ते सगळं खानदान घेऊनच. मी क्रांतीच्या कानात कुजबुजले, "बुल-बुल." ती टक लावून बघत होती. तेवढ्यात आत्तींनी गोठ्यात बादली आपटली आणि सगळे भुर्रकन उडाले.

त्या दिवसापासून मी शांततेचा कायदा केला. सकाळी ऊन अंगणात उतरेपर्यंत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. बादली उचलून ठेवायची, ओढायची नाही. कुकर नंतर. रेडिओ नंतर. आणि मामांची आरोळीही नंतर.

"मग पाखरांस्नी काय चिठ्ठी पाठवू व्हय?" मामांनी विचारलं.

"गोफण आहे की तुमची. टाळ्या वाजवा. हळू."

"हळू टाळी," आत्ती धार काढता काढता म्हणाल्या. "ऐक गं म्हशी, ऐक."

तरी मामांनी ऐकलं. सकाळभर माळ्यावर उभे राहून ते दोन्ही हात वर करून हलवायचे. लांबून वाटायचं, कुणाला तरी निरोप देताहेत. आणि ऊन अंगणात उतरलं की तुंबलेल्या सगळ्या आरोळ्या एकदम सुटायच्या. दुपारपर्यंत डोंगर दणाणायचा. "उपास सोडल्यागत वरडतोय म्हातारा," आत्ती म्हणायच्या.

एकदा शेपटीचा पंखा करून नाचणारं ते चिमुकलं पाखरू अंगणात आलं. मी आनंदानं मामांच्या कानाशी कुजबुजले, "मामा, नाचण आली."

"नाचणी कुटली येतीया?" तेही कुजबुजले. "खाऊन चाललीत की."

आत्तींना माझे बुलबुल, दयाळ काही पटत नव्हतं. त्या एक दिवस शेजारी येऊन बसल्या आणि पेरूच्या झाडाकडं बघत म्हणाल्या, "ह्यांनी काय हुनार न्हाय. पोपट आला पायजे. पोपटानं चोच मारल्याला पेरू पोराला चारायचा, पोरगं बोलतंय. आमच्या बायडाबाईचा थोरला मोठा घोडा झाला तरी मुका हुता. चारला पेरू. आता सरपंच हाय. त्याला गप बसवायला मानूस लागतोय."

"आत्ती, उष्ट्या फळातनं आजार होतात. पोपटाऐवजी वटवाघळानं खाल्लेला असला म्हणजे?"

"वटवाघूळ रातीचं येतंय, पोपट दिवसाचा येतोय. मी काय आंधळी हाय?"

मी विषय बंद केला. कातळावर गेले, हात वर केला, वटवाघळांबद्दल जे जे मिळेल ते वाचलं आणि खाली आले. त्या संध्याकाळी मी माझी जुनी ओढणी घेऊन झाडाची ती पेरूंनी लगडलेली फांदी नीट गुंडाळून बांधली. सकाळी सोडली. संध्याकाळी परत बांधली. आत्ती बघत होत्या.

"ह्ये कशापायी? तुजा इश्वास न्हाय न्हवं?"

"विश्वास नाहीच," मी म्हटलं. "पण स्वच्छता असलेली बरी."

मग असं झालं की सगळे पक्षी आले, पोपट आला नाही. डोंगरावरनं त्यांचे थवे कलकलत जायचे, पण आमच्या पेरूकडं ढुंकून बघायचे नाहीत. आत्ती त्यांना शिव्या द्यायच्या, त्याही कायद्याप्रमाणं कुजबुजत. मी बाजरी बदलून पाहिली, भुईमुगाच्या शेंगा टांगल्या, हिरवी मिरचीसुद्धा बांधली. वरून म्हणायची, निरीक्षणासाठी.

क्रांती बघत होती. सगळं बघत होती. आणि शिकली.

मला ते रविवारी कळलं. धैर्यशील मोटरसायकलवरनं आला, फाटकातूनच त्यानं नेहमीसारखी हाक दिली, "क्रांतीऽ, कुठाय माझी वाघीण?" क्रांती उंबऱ्यात उभी होती. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि बापाकडं असं बघितलं की त्यानं मोटरसायकल बंदच केली.

"हे काय?" तो जवळ येऊन म्हणाला. त्यानंही आवाज उतरवला होता.

"तिची एकाग्रता वाढलीय," मी म्हटलं.

"नंदिनी, हिला आपण बोलायला शिकवायला आणलंय ना?"

मी चिडले. आठवड्यातनं एकदा येणाऱ्या माणसाला निरीक्षणातलं काय कळणार, असं काहीतरी बोलले. तो चहा पिऊन, पोरीला खांद्यावर बसवून रानात गेला आणि संध्याकाळी परत कोल्हापूरला. पण मग माझं लक्ष जायला लागलं. क्रांती म्हशीला गप्प करत होती. म्हैस हंबरली की बोट ओठांवर. कुकरची शिट्टी झाली की कुकरकडं बघून बोट ओठांवर. एकदा तिनं तिची कापडाची बाहुली झाडासमोर बसवली, आणि बाहुली काही बोलतही नव्हती, तरी तिच्या शिवलेल्या तोंडावर आपलं बोट ठेवलं.

माझी मुलगी अडीच वर्षांत एकच गोष्ट बोलायला शिकली होती, आणि ती होती 'बोलू नका'. दिवाळी तोंडावर आली होती. मी ठरवलं, उद्यापासून हे सगळं बंद. करवंट्या काढायच्या, कायदा रद्द, बादल्या आपटा काय हव्या तेवढ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवंट्या काढायला मी अंगणात आले, आणि पेरूवर पोपट बसला होता.

अगदी जवळ. लाल चोच, गळ्याला काळी-गुलाबी कडी, मान तिरकी करून तो पिकत आलेल्या पेरूकडं बघत होता. ओढणी मी उठल्या उठल्याच सोडून खांद्यावर टाकली होती, म्हणजे पेरू स्वच्छ होता. मी तिथंच थिजले. क्रांती माझ्या मागनं उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. गोठ्याच्या दारात आत्ती शेणाचे हात तसेच हवेत धरून उभ्या. त्यांचे ओठ हलत होते, बहुतेक नवस चालला होता. मी मागं न बघता एक हात लांब करून क्रांतीला थोपवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. कायदा रद्द करायचा होता, पण उद्या. आज फक्त एवढी चोच बसू दे.

पोपट एक पाऊल सरकला. पेरूजवळ गेला.

त्याच वेळी डोंगराच्या खांद्यावरनं मुनियांचा थवा आला. नाचणीच्या दिवसांत तो येतोच, पण एवढा मोठा मी पाहिला नव्हता. वाऱ्यानं पाचोळा यावा तसा आला आणि सरळ नाचणीत उतरला. मामा माळ्यावर उभे राहिले. दोन्ही हात हलवायला लागले, डबा हाताशी नव्हता, तो माझ्याच कायद्यानं खाली आला होता. त्यांनी तोंड उघडलं. काही ऐकू आलं नाही. पुन्हा उघडलं. आदल्या दिवशीच्या आरोळ्यांनी त्यांचा घसा पार बसला होता. वर माळ्यावर एक म्हातारा माणूस तोंडाचा आ करून हात हलवतोय आणि त्याच्या पायाखाली सगळं रान हलतंय, पण आवाज नाही. जसा टीव्हीचा आवाज कुणी बंद करावा.

मला दिसत होतं सगळं. तरी मी पोपटाकडं बघत राहिले. चोच पेरूला टेकत होती.

"हुर्र्याऽऽऽ!"

आवाज माझ्या पाठीमागून आला. बारीक होता पण धारदार, आणि त्यात मामांचा सगळा चढउतार होता, शेवटचा झोकसुद्धा. पोपट उडाला. बुलबुल उडाले. वर नाचणीतनं सगळा थवा एकदम उठला आणि डोंगराआड गेला. खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली.

मी वळले. क्रांती उंबऱ्यात मुठी आवळून, पोट पुढं काढून उभी होती. लाल झाली होती.

आता इथं मी काय केलं ते खरं सांगायला हवं. धैर्यशीलला मी सांगितलंय की मी धावत जाऊन तिला कवटाळलं. तसं झालं नाही. माझ्या मुलीनं आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला, आणि मी तिच्याकडं वळून, बोट ओठांवर ठेवून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं, "श्श."

आत्ती कुठनं आल्या कळलं नाही. त्यांनी शेणाचा हात तसाच माझ्या तोंडावर दाबला.

"गप," त्या म्हणाल्या. "तू गप. तिला बोलू दे."

क्रांतीनं माझ्याकडं बघितलं. आईच्या तोंडावर शेण, त्यावर आजीचा हात. तिला ते आवडलं असावं. ती हसली, आणि पुन्हा ओरडली, "हुर्र्याऽऽ." मग मामांकडं बोट दाखवून, "आबा! हुर्र्या!"

एकाऐवजी दोन शब्द. आत्तींनी हात काढला, आणि त्यांनीच पहिल्यांदा साथ दिली, "हुर्र्याऽऽ." मग मीही ओरडले. ओठांवर शेण होतं, डोळ्यांत पाणी होतं, कशाचे आजार कशातनं होतात हे त्या क्षणी मला काही आठवलं नाही. एकही पाखरू उरलं नव्हतं, तरी आम्ही तिघी ओरडत होतो. माळ्यावर मामा दोन्ही हात हलवत होते. ते हात पाखरांसाठी होते की आमच्यासाठी, सांगता येणार नाही.

त्यानंतर श्रेयाचा प्रश्न निघाला. आत्तींनी हात धुतले आणि आधी पेरू तोडून उन्हात धरून तपासला. देठाजवळ एक बारीक ओरखडा होता.

"लागली बग चोच."

"पण तिनं खाल्ला कुठं?" मी म्हटलं.

"नुसती चोच लागली तर एवढा गुण. खाल्ला असता तर काय झालं असतं, इचार कर."

मामा माळ्यावरनं उतरून आले होते. त्यांनी कष्टानं, घशातल्या घशात विचारलं, "शबुद कुनाचा हाय?"

शब्द त्यांचाच होता. मी मनातल्या मनात म्हटलं, पण निरीक्षण माझं होतं. मोठ्यानं म्हटलं नाही. तोंडाला अजून वास येत होता.

दिवाळीनंतर डॉक्टर मॅडमकडं गेलो. त्या काही विचारणार एवढ्यात खिडकीबाहेर कबूतर येऊन बसलं आणि क्रांतीनं खुर्चीवर उभं राहून त्याला असं हाकललं की बाहेरचे चारपाच पेशंट दारात आले. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"घरी असं कोण ओरडतं?" त्यांनी मग विचारलं.

"सगळेच," धैर्यशील म्हणाला.

"म्हणजे माणसांत नेलंत तर. छान केलंत. पुढच्या तपासण्यांचं आता नको, पण महिन्यातून एकदा दाखवत राहा. आणि भरपूर बोला तिच्याशी."

धैर्यशीलनं माझ्याकडं बघितलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधत होते.

आता शब्द येताहेत. 'पळ' आला, 'आला' आला, 'डबा' आला. 'राणी' हे म्हशीचं नाव आलं. 'आई' त्याच्यानंतर आली. तक्रार नाही, राणी दूध देते. तो पेरू मी दोन दिवस शिंक्यावर ठेवला होता. मग मिठाच्या पाण्यात धुतला, सोलला, आणि ओरखड्याची फोड कुणी नसताना स्वतः खाल्ली. क्रांतीला द्यायला मन होईना, आणि टाकायलाही होईना.

शनिवार-रविवार आम्ही रानात असतो. नाचणी कापून झालीय, मामांचा घसा परत आलाय, करवंट्या झाडाला तशाच आहेत. परवा सकाळी दयाळ येऊन परातीच्या काठावर बसला. क्रांती माझ्या मांडीवर होती. तिनं मोठा श्वास घेतला. माझा हात आपोआप वर उठला, बोट ओठांजवळ आलं. तिनं वळून त्या बोटाकडं बघितलं.

मी त्याच बोटानं नाक खाजवलं.